प्रयोजक क्रियापद

२०२२ च्या मार्चमधली सकाळ. बारावीचा पेपर साडेदहाला होता. करोनामुळे त्या वर्षी मुलांनी आपापल्याच कॉलेजात परीक्षा द्यायची अशी सोय बोर्डाने केली होती. त्यामुळे दारातून आत येणारी पोरं माझीच होती, आणि तरी त्यातल्या निम्म्यांचे चेहरे मी पहिल्यांदा बघत होते. चेहरे म्हणजे काय, कपाळ आणि डोळे. मास्कची सक्ती अजून उठली नव्हती; ती उठली गुढीपाडव्याला, २ एप्रिलला. दीड वर्ष मी या मुलांना मोबाइलच्या पडद्यावर शिकवलं होतं, आणि तिथे सगळे कॅमेरा बंद करून बसायचे. मला त्यांचे आवाज पाठ होते. हजेरीला कोण 'यस मॅडम' म्हणतो, कोण 'हजर' म्हणतो, कोणाच्या मागे कुकरची शिट्टी होते, कोणाच्या मागे अजान ऐकू येते.

त्यातला एक आवाज विशेष लक्षात होता. कविता मोठ्याने वाचा म्हटलं की सगळ्यांचं नेटवर्क एकदम जायचं. हिचं जात नसे. घरात हिंदी-उर्दू बोलणारी ही मुलगी 'ळ' इतका स्वच्छ म्हणायची की ऐकत राहावंसं वाटे. आमच्या विदर्भात ळाचे हाल विचारू नका, डोळ्याचा डोया होतो आणि काळ्याचा काया. मी एकदा तिला म्हटलंही होतं, "अगं, तुझा ळ पुण्याला पाठवायला हवा, बघा म्हणावं." ती हसली होती. हसण्याचा आवाजच तेवढा आला.

मी वर्गाच्या दारात उभी होते. हॉल तिकीट बघायचं, फोटो बघायचा, आत सोडायचं. रांगेत ती आली. काळा बुरखा, चेहऱ्यावर नकाब. मी म्हटलं, "वर कर." ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, स्टाफरूममध्ये दाखवते ना. वेळ आहे अजून."

त्या 'वेळ'मधल्या ळावरून मी तिला ओळखलं. समोर कोण आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी मागच्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज चढवून म्हटलं, "इथेच. नियम सगळ्यांना सारखा."

मागे वीसेक मुलंमुली होती. घंटेपाशी शिपाई उभा होता. तिने एकदा मागे वळून बघितलं आणि नकाब वर केला. मी फोटो बघितला, चेहरा बघितला, सही केली. दहा सेकंदसुद्धा लागले नसतील. ती तो पुन्हा खाली घ्यायला लागली तेव्हा मी म्हटलं, "राहू दे आता तसाच, भरारी पथक आलं की पुन्हा कटकट." ती तीन तास डोक्यावरच्या स्कार्फचं टोक दातांत धरून लिहीत बसली. दाराशी टेबलावर मास्कचा डबा ठेवलेला होता. ज्याच्याकडे मास्क नसेल त्याला द्यायचा, असा आम्हाला आदेशच होता. तिला त्यातला एक द्यावा, हे मला सुचलं नाही.

परीक्षेला ओळख पटवून घ्यावीच लागते. त्याबद्दल माझा वाद नाही. एकाच्या जागी दुसरा बसल्याचे प्रकार माझ्या नोकरीत घडलेले आहेत. पण मागच्या वीस जणांपैकी एकालाही मी मास्क खाली घे म्हटलं नाही. डोळे आणि फोटो जुळवून सगळ्यांना आत सोडलं. आणि पुढच्या पेपरला ती आली ती नकाबाऐवजी पांढरा मास्क लावून, कपाळापर्यंत स्कार्फ ओढून. दिसत होतं तेवढंच, जेवढं आधी दिसलं असतं. मी हॉल तिकिटावर सही केली आणि तिला आत सोडलं. कापड पांढरं होतं, औषधाच्या दुकानातलं होतं, एवढाच फरक. हे लक्षात यायला मला पुढे कित्येक दिवस लागले. त्या सकाळी मी स्वतःसुद्धा स्कूटीवरून सगळं तोंड स्कार्फने बांधून आले होते, नागपुरातल्या सगळ्या बायका मार्चपासून जूनपर्यंत जशा येतात तशी, आणि पार्किंगमध्ये, कोणी बघत नसताना, आरशात बघून तो सोडला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर मला अपराधी वगैरे वाटलं का? नाही. बरं वाटलं. काहीतरी ठाम केल्यासारखं.

त्या दिवसांत सगळीकडे उडुपीचं चाललं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये उडुपीच्या सरकारी पदवीपूर्व कॉलेजात हिजाब घातलेल्या मुलींना वर्गाबाहेर ठेवलं, ५ फेब्रुवारीला कर्नाटक सरकारने गणवेशाचा आदेश काढला, भगवी उपरणी घेतलेली मुलं एका बाजूला आणि हिजाबातल्या मुली दुसऱ्या बाजूला अशी दृश्यं रोज टीव्हीवर. आमच्या स्टाफरूममध्येही दोन तट पडले होते. मी स्वतःला तिसऱ्या तटात धरत होते. उपरणीवाल्या पोरांचा मला तिटकारा होता, आणि बुरख्याचाही होता. माझ्या कपाटात हमीद दलवाई होते. दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, हे मी पोरांना दर वर्षी सांगत असे. १९८५ मध्ये मंडळाचा तलाक मुक्ती मोर्चा कोल्हापुरातून नागपूरकडे निघाला तेव्हा मी एम.ए.च्या वयाची होते, रोज वर्तमानपत्रात तो कुठवर आला ते शोधत होते. तेव्हा मला कोण शिकवणार?

१५ मार्चला कर्नाटक उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला: हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही, गणवेशाचं बंधन रास्त आहे. बारावीची परीक्षा अजून चालूच होती. मी त्याच रात्री लेख लिहायला घेतला. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत मी अधूनमधून लिहीत असे. त्यांनी लगेच, २० तारखेला, छापला. त्यात दलवाई होते, सात बायकांचा मोर्चा होता, आणि लेखाच्या सुरुवातीला, वाचक धरून ठेवायला, ती मुलगी होती. वाक्य असं होतं: 'परवा माझ्या डोळ्यांसमोर एका मुलीने नकाब काढला आणि तिचा चेहरा उजळला.'

उजळला! चेहरा उजळला की काळवंडला हे बघायला मी तिच्याकडे बघितलं कुठे होतं? मी फोटोशी जुळवत होते. आणि त्यावर कडी म्हणजे, ती कोण हे कळू नये म्हणून नाव न घालता मी तिच्या 'ळ'चं कौतुक चार ओळी केलं. नाव घातलं असतं तर निदान एकाच नावाच्या दोन मुली निघाल्या असत्या. तसा 'ळ' वर्गात एकच होता.

दिवसभर फोन आले. धंतोलीतून, रामदासपेठेतून, पुण्याहून एक. एका जुन्या सहकाऱ्याने म्हटलं, बाई, तुम्ही धाडस केलं. मी नको नको म्हणत ऐकून घेतलं. रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा मेसेज आला. देवनागरीत, टंकनाची एकही चूक नसलेला.

"मॅडम, लेख वाचला. मी काढला नाही. तुम्ही काढायला लावला. प्रयोजक."

ज्यांनी शाळा सोडून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगते. कर्ता क्रिया स्वतः करत नाही, दुसऱ्याकडून करवून घेतो, तेव्हा ते प्रयोजक क्रियापद. बाळ हसतं, आई बाळाला हसवते. हे मी तिच्याच वर्गाला ऑनलाइन शिकवलं होतं, फळ्याऐवजी वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरून. एका शब्दात तिने माझा अख्खा लेख तपासून परत दिला होता.

मी काय करायला हवं होतं हे आज कोणीही सांगेल. मी केलं ते हे: रात्री अकरापर्यंत बसून तिला एक लांबलचक उत्तर लिहिलं. तिच्या भावना मी समजू शकते. पण समाजसुधारणेत सुरुवातीला असं वाटतंच. त्या सात बायकांनाही त्रास झालाच असेल. मोठी झालीस की कळेल. शेवटी एक नमस्काराचं चिन्ह. उत्तर आलं नाही. तिला बारावीला चांगले मार्क मिळाले, आणि बी.ए.ला तिने आमच्याकडे प्रवेश घेतला नाही.

त्या सात बायकांचं नाव मी ज्या सहजतेने घेतलं त्याची मला पुढे लाज वाटली. त्या स्वतः चालत गेल्या होत्या. त्यांचं म्हणणं तोंडी तलाकाबद्दल होतं, सवतीबद्दल होतं, ज्या गोष्टींनी त्यांचं घर मोडत होतं त्यांबद्दल. डोक्यावर काय घ्यावं यासाठी त्या गेल्या नव्हत्या. वाक्यातला कर्ता त्या होत्या. मी त्यांना उचलून माझ्या वाक्यात आणलं आणि कर्म करून टाकलं.

हे सगळं मला तेव्हाच उमगलं असं मात्र समजू नका. सहा महिने गेले. सप्टेंबरमध्ये, १६ तारखेला, तेहरानमध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी गेली. हिजाब नीट घेतला नाही म्हणून तिला नैतिकता पोलिसांनी धरून नेलं होतं. इराणी बायका रस्त्यावर स्कार्फ जाळू लागल्या. त्याच आठवड्यात इकडे सर्वोच्च न्यायालयात उडुपीची सुनावणी संपत होती. माझ्या फोनवरच्या एका ग्रुपवर दोन्ही बातम्या एकाच माणसाने टाकल्या, वर एकच मजकूर: बघा. काय बघा? तिकडे पोलीस घालायला लावत होते, इकडे शाळेच्या फाटकावर काढायला लावत होते, आणि आमच्या त्या गृहस्थांना दोन्हीकडे फक्त कापड दिसत होतं. मलाही मार्चमध्ये तेवढंच दिसलं होतं.

इराणने तर दोन्ही प्रयोग करून पाहिले आहेत. जानेवारी १९३६ मध्ये रझाशाहने चादर-नकाबावर बंदी घातली. रस्त्यात पोलीस बायकांच्या डोक्यावरून ती ओढून काढत. कित्येक जणींनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९ च्या मार्चमध्ये, क्रांतीला महिनाही झाला नव्हता, महिला दिनी हजारो बायका तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या, हिजाब सक्तीचा होणार म्हणून. १९८३ मध्ये तो कायद्याने सक्तीचा झाला, न घेणारीला ७४ फटक्यांपर्यंत शिक्षा. म्हणजे एकाच घरात अशी आजी असू शकते जी डोकं उघडं ठेवायला लागू नये म्हणून घरात बसली, आणि अशी नात जी डोकं झाकायला लागतं म्हणून तुरुंगात गेली. क्रियापद बदललं. प्रयोजक तोच.

इंदोऱ्याचे माझे एक सहकारी होते, इतिहास शिकवायचे. त्यांच्याशी बोलताना मी हे सगळं मांडलं तर ते म्हणाले, "मग बाबासाहेबांचं काय? महाडला १९२७ च्या डिसेंबरात त्यांनी बायकांना सांगितलंच ना, लुगडं असं नेसा, जुनी ओळख सांगणारे दागिने टाका? आणि बायकांनी ऐकलं." मी निरुत्तर झाले, आणि बरं झालं झाले. कपड्याबद्दल कोणी कोणाला काही सांगूच नये, हा काही शहाणपणा नव्हे. आमच्या घरातही माझ्या आईचा डोईवरचा पदर आजोबा गेल्यावरच खाली आला. त्याआधी कोणी तिला 'कशाला घेता वहिनी?' असं विचारलं असतं तर तिला आवडलंच असतं. पण महाडला सांगणारा माणूस त्यांचा होता, बायका परिषदेला आपल्या पायाने आल्या होत्या, आणि कोणाच्या हातात हॉल तिकीट नव्हतं. माझ्या हातात होतं. पेन होतं, घंटा होती, बोर्ड होतं. अशा वेळी मी जे 'सुचवते' ते सुचवणं राहत नाही.

आणि हे मला तरी कळायला हवं होतं. १९८९ मध्ये मी नोकरीला लागले तेव्हा शिक्षिकांनी साडीच नेसायची असा दंडक होता. मी लूनावर यायचे. उन्हाळ्यात नागपूरच्या वाऱ्यात लूनावर साडी म्हणजे काय असतं ते ज्या नेसल्या त्यांनाच ठाऊक. एकदा सलवार-कुर्ता घालून आले तर मला ऑफिसच्या दारात, हेडक्लार्क आणि चार पालकांसमोर, विचारलं गेलं, "आज सुट्टी आहे का तुमची?" मला ते अजून शब्दशः आठवतं. आम्ही सात-आठ जणींनी अर्ज दिला, चार वर्षांनी तो दंडक सुटला. दारातला तो अपमान मी तीसेक वर्षं जपून ठेवला आणि स्वतः दारात उभी राहिले तेव्हा तो मला आठवला नाही. (२०२४ च्या मार्चमध्ये शासनाने पुन्हा शिक्षकांच्या पोशाखाचा निर्णय काढला. जीन्स, टी-शर्ट नको. बायकांनी साडी किंवा ओढणीसकट सलवार-कुर्ता. ओढणीसकट. मी तोवर निवृत्त झाले होते, नाहीतर पुन्हा अर्ज लिहायला बसले असते.)

१३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती दोन बाजूंना गेले. न्या. हेमंत गुप्तांनी बंदी उचलून धरली, न्या. सुधांशू धुलियांनी ती मोडीत काढली. त्यांच्या लेखी हा शेवटी मुलीच्या निवडीचा प्रश्न होता आणि त्याहून आधी तिच्या शिक्षणाचा. प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे गेलं. मी मात्र त्या दिवशी पूर्णपणे धुलियांच्या बाजूला गेले. 'निवड' हा शब्द मला फार आवडला. मार्चमधल्या त्या दहा सेकंदांवर तो छान लागत होता, मलमासारखा. दुसरी चूक मी याच शब्दाच्या भरवशावर केली, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षा वाईट आहे.

२०२३ मध्ये निवृत्त झाल्यावर मी मोमिनपुऱ्याजवळ एका वाचनालयात मुलींना मराठी शिकवायला जाऊ लागले. पोलीस भरती, तलाठी, असल्या परीक्षांना बसणाऱ्या मुली. फुकट शिकवते म्हणून मला थोडा मान होता. निम्म्या मुली बुरख्यात यायच्या, आत आल्यावर काहीजणी काढून घडी करून पिशवीत ठेवायच्या, काहीजणी नाही. मी कोणालाही काही विचारत नसे. माझ्या मते ही माझी प्रगती होती.

जून २०२४ पासून मुंबईत चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, स्टोल, बॅज सगळ्यावर बंदी घातली. नऊ मुली उच्च न्यायालयात गेल्या, २६ जूनला त्यांची याचिका फेटाळली गेली. पुढे ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब-टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली, वर्गात बुरखा-नकाबाला मात्र मोकळीक दिली नाही. आणि टिळा, टिकलीवरही बंदी घालणार का, असं कॉलेजला विचारलं. ते पुढचं. जुलैत आमच्याकडे यावर एक चर्चा ठेवली होती आणि मला बोलायला बोलावलं होतं. मी छान बोलले. निवड, स्वायत्तता, संविधानाचं कलम २५, बिजो इमॅन्युएल खटला, त्या राष्ट्रगीत न म्हणणाऱ्या केरळच्या तीन मुलांचा, १९८६ चा. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर माझ्या क्लासमधली एक मुलगी थांबून राहिली. बावीस वर्षांची, पोलीस शिपाई व्हायचं म्हणत होती, गणितात पक्की. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही चॉइस चॉइस म्हणून राहिल्या होत्या. आमच्या घरी मला कोणी चॉइस नाही विचारला."

मग तिने सांगितलं. लेखी परीक्षेची चिंता नव्हती. ग्राउंडची होती. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं, शंभर मीटर, गोळाफेक. पहाटे कस्तुरचंद पार्कावर बाकीच्या मुली पळायच्या, तिला ट्रॅकपँटमध्ये पळायला भाऊ जाऊ देत नव्हता. 'बाहर जाना है तो पहन के जा.' बुरखा घालून आठशे मीटर कसं पळणार? "मला तो पूर्ण सोडायचा नाही, मॅडम. तो आहे म्हणून तर क्लासला येता येतं. फक्त ग्राउंडवर नको. तुम्ही एकदा घरी येऊन अम्मीशी बोलाल? तुमचं ऐकतील. तुम्ही मोठ्या आहात."

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "बेटा, तुमच्या घरातल्या गोष्टीत मी बाहेरची बाई कशी बोलू? तू स्वतः बोल. निर्णय तुझा आहे."

दिसायला केवढं सभ्य वाक्य! आत काय होतं ते सांगते. भीती होती. दोन वर्षांपूर्वी ज्या बाईने एका मुलीला दारात नकाब काढायला लावला, तीच बाई पुन्हा एका मुस्लिम घरात जाऊन 'हिला बुरख्याशिवाय पाठवा' म्हणणार, ही कल्पनाच मला सोसेना. शिवाय अर्ध्या तासापूर्वी मी टाळ्या घेतल्या होत्या. आता घरी जाऊन भावाशी वाद घालायचा तर त्या भाषणाचं काय? मी माझ्या भाषणाशी इमान राखलं.

मराठीत एक गंमत आहे. 'आई बाळाला चालवते' यातलं 'चालवते' प्रयोजक. आणि 'आजीला आता चालवतं' यातलं 'चालवतं' शक्य क्रियापद: तिच्यात तेवढी ताकद आली आहे. रूप जवळपास एकच. करायला लावणं आणि करता येणं या दोन्हींना आमच्या भाषेने एकच प्रत्यय दिला, आणि परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, पोरं हमखास चुकतात. ती मुलगी माझ्यासमोर उभी राहून तेच सांगत होती. बुरखा तिला घालायला लावला होता, आणि त्याच बुरख्यामुळे तिला घराबाहेर जाता येत होतं, जाववत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. सक्ती म्हणा, निवड म्हणा, दोन्ही शब्दांत तिचं आठशे मीटर बसत नव्हतं. तिला माझ्याकडून शब्द नकोच होता. चहाच्या निमित्ताने घरी येणारी एक म्हातारी बाई हवी होती.

दिवाळीनंतर ती यायची थांबली. मी चौकशी केली तर तिची मैत्रीण म्हणाली, "तिचं ग्राउंडचं जमलंच नाही, मॅडम." मग थोडं थांबून, "तिची अम्मी तर तयार होती. भाईच्या समोर बोलायला कोणी पाहिजे होतं. तुम्ही याल म्हणून शेवया आणून ठेवल्या होत्या."

२०२५ च्या जानेवारीअखेर मंत्री नितेश राणे यांनी शालेय शिक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं: दहावी-बारावीच्या केंद्रांवर बुरखा घालून येऊ देऊ नये. पुन्हा वाद पेटला. ज्या पुरवणीत मी २०२२ ला लिहिलं होतं, तिथूनच फोन आला, मॅडम, तुमचा अनुभव आहे, लिहा. मी लिहिलं. परीक्षा केंद्रावर एक शिक्षिका आणि एक रिकामी खोली ठेवावी. चेहरा झाकून येणाऱ्या प्रत्येकीला, स्कार्फवाली असो, मास्कवाली असो, बुरख्यातली असो, तिथे नेऊन ओळख पटवावी. एका मुलीला एक मिनिट लागतं. बस. एवढंच होतं. दोन दिवसांनी उत्तर आलं, लेख चांगला आहे पण बाजू स्पष्ट होत नाही. छापला नाही.

मग १७ मार्च आला. नागपूरच्या महाल भागात संध्याकाळी दगडफेक, जाळपोळ, रात्री हंसापुरीत. दुसऱ्या दिवशी शहराच्या अकरा ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी. माझं घर एका हद्दीत, तिचं, त्या पहिल्या मुलीचं, दुसऱ्या हद्दीत. मी फोनमध्ये तिचा नंबर काढला. वर तोच जुना मेसेज होता, 'प्रयोजक', त्याखाली माझं ते पानभर उत्तर, त्याखाली तीन वर्षं काही नाही. मी लिहिलं, "तुम्ही सगळे ठीक आहात ना?" पाच मिनिटांत उत्तर आलं. "ठीक आहोत मॅडम. तुम्ही? दूध मिळालं का?"

आमच्या गल्लीत दूध आलं नव्हतं. तिच्या गल्लीत आलं होतं. त्यावर थोडं बोलणं झालं. मग मी लिहिलं, या वेळी पानभर नाही: "तेव्हा मी तुला नकाब काढायला लावला. तू स्टाफरूममध्ये म्हटलं होतंस. मी ऐकायला हवं होतं. आणि लेखात खोटं लिहिलं."

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग एकामागून एक आलं. त्या दिवशी तिने घरी सगळं सांगितलं होतं. अब्बू म्हणाले होते, परीक्षेचा नियम आहे, जाऊ दे. लेख आला तेव्हा मात्र ते चिडले. 'ळ' वरून वर्गात, मग मोहल्ल्यात सगळ्यांना कळलं होतं. कोणी म्हणे, तुमच्या मुलीने शाळेत बुरखा उतरवला, शाबास. कोणी म्हणे, तुमच्या मुलीने बुरखा उतरवला, तौबा. अब्बू दोघांनाही एकच सांगत होते, तिने उतरवला नाही, आणि कोणाचाच विश्वास बसत नव्हता, कारण पेपरात छापून आलं होतं. ते कात्रण त्यांनी अजून ठेवलं आहे.

"मॅडम, ते दुरुस्त करून छापून मिळेल का?"

मी विचारलं. तीन वर्षांपूर्वीच्या अंकाची दुरुस्ती छापत नाहीत, असं कळलं. तिला मी म्हटलं की दुसरीकडे कुठेतरी लिहीन, पण मग 'ळ'चं पुन्हा लिहावं लागेल, चालेल का? ती म्हणाली, "लिहा. ते आता तसंही सगळ्यांना माहीत आहे." आणि एक हसणारं तोंड.

तेव्हा, शुद्धिपत्र. रविवार, २० मार्च २०२२ च्या पुरवणीतील माझ्या लेखात 'एका मुलीने नकाब काढला' याऐवजी 'मी एका मुलीला नकाब काढायला लावला' असे वाचावे. त्यापुढील 'आणि तिचा चेहरा उजळला' हे शब्द गाळावेत.